कुडचडे जेटीवरचा प्रिंटर

वास्कोच्या ऑफिसात मशीन, कुडचड्याला प्रिंटर,
मध्ये टेलिफोनची एक तार, माडांतून लोंबत आलेली,
आणि जुवारी, ती आपल्या वाटेने येते.
मला पाठवलं होतं दोघांची ओळख करून द्यायला.
साल शहाण्णव. पिशवीत केबल, दोन फ्लॉपी,
बहिणीने बांधून दिलेले पोळे.

तियोतोन बाबने टेबल रिकामं करून ठेवलं होतं.
आधी तिथे टाइपरायटर असायचा. त्याच्या पायांचे
चार गोल अजून लाकडावर होते.
प्रिंटर त्यांच्यात बसेना. जरा तिरकाच राहिला.

युनिक्सला प्रिंटर दिसत नाही. त्याला दिसते रांग.
तिला नाव द्यावं लागतं. मी दिलं: जेटी.
कागद मागणारा मागून मोकळा होतो,
चहाला जातो, दुसऱ्या फायलीत शिरतो,
आणि त्याचं काम आकडा लावून बसून राहतं
कुठल्याशा डिरेक्टरीत,
भरतीसाठी नांगर टाकलेल्या बार्जसारखं.

बारा वाजले तरी एक कागद आला नाही.
वास्कोहून फोन: पाठवतोय, जातंय की!
इथे रिबन कोरडी.
खाली 'सातेरी' भरून उभी, मागे 'फातिमा',
खेपचिठ्ठी हातात आल्याशिवाय मास्टर दोर सोडेना,
आणि पाणी उतरायला लागलेलं.
खांबावरची चिखलाची रेघ मला खिडकीतून दिसत होती.

मग आठवलं. हुकूम दोन असतात.
एक: घे.
दुसरा: छाप.
मी पहिला दिला होता.
रांग सकाळपासून सगळं घेत होती,
एकतीस चिठ्ठ्या, निमूट,
नाही म्हणावं असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तियोतोन बाबला हे समजावलं तर म्हणाला,
"म्हजी कुन्याद तशीच, बाये."
कुन्याद म्हणजे भावजय. भाऊ आगबोटीवर.
पुढे काही बोलला नाही, पंख्याची दिशा बदलली.

दुसरा हुकूम दिला. प्रिंटर किंचाळला.
कागद वर आला तो असा:

बार्ज सातेरी
                  टन सातशे दहा
                                    मास्टर वि. गांवस

आणि उरलेलं कागदाबाहेर, रबरी रुळावर, काळं.

"हीं सोपणां कित्याक?"
म्हटलं, ओळ संपली की युनिक्स फक्त खाली जा म्हणतं.
परत कडेला ये, हे वेगळं सांगावं लागतं.
त्याने हवेतच टाइपरायटरचा दांडा ओढला,
डावीकडून उजवीकडे, मनगटाच्या जुन्या झटक्याने.
"हें?"
हेच.
"हें शिकोवचें पडटा?"

पडतं. स्क्रिप्टमध्ये एक शब्द. लिहिला.
बाकीच्या चिठ्ठ्या सरळ आल्या, डाव्या कडेला धरून.
'सातेरी' सुटली. 'फातिमा' रात्रीपर्यंत चिखलात,
तिच्या मास्टरने मला ज्या शिव्या दिल्या
त्या कुठल्याच रांगेत थांबल्या नाहीत.
पायऱ्यांचा तो कागद तियोतोन बाबने
चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला.
मालमत्ता कंपनीची. मी बघितलं नाही.

सतरा वर्षांनी ती रांग बंद करायचं काम
फिरून माझ्याकडेच आलं.
जेटीवर बार्ज नव्हते, प्रिंटर भंगारात,
तियोतोन बाबची खबर विचारायची राहून गेलेली.
वास्कोतल्या यादीत मात्र
जेटी: घेत आहे.

नाकारायच्या हुकमाला कारण जोडायची सोय असते.
नाही दिलं तर तो आपणच लिहितो,
कारण अज्ञात.
बाहेर शिपाई किल्ल्या वाजवत होता.
मी रोमन अक्षरांत टाइप केलं: कुन्याद थकली.
एकेक अक्षर मागे येत पुसलं.
मग नुसतंच एंटर.